खाकी कागदाचे दिवे

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आईच्या खोलीच्या दाराशी उभं राहून मला आईबद्दल ओरडून बोलता येत नाही. म्हणून पत्रच बरं. जाताना तू बजावलं होतंस, तसं सगळं खरं लिहिते.

आईचा पाय बराच सुधारला आहे. भिंतीला धरून ती न्हाणीघरापर्यंत एकटी जाते. उजवा हात मात्र तसाच, कुणीतरी दुसरंच माणूस तिच्या मांडीवर ठेवून गेल्यासारखा. बोलणं अजून आलेलं नाही. 'अं' आणि 'ते', एवढंच. पण समजतं सगळं. काही विचारलं की मान हलवते. चहा हवा? हो. खिडकी उघडू? हो. बाबा म्हणतात, "तुझी आई आजारपणात फार गोड झाली बघ. आधी एका चहावरून माझी शंभर वेळा उलटतपासणी व्हायची."

व्यायाम शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, ट्यूबलाइट पेशंटच्या डोळ्यांवर येते, खोलीत जरा मऊ उजेड करा. दुकानातल्या दिव्यांच्या किमती बघून मी तशीच परत आले आणि घरातल्याच वस्तू घेऊन बसले. पहिला दिवा दुधाच्या पावडरच्या डब्याचा. तू शिकवलं होतंस तसं डब्यात पाणी भरून त्याचा बर्फ केला, म्हणजे खिळा ठोकताना पत्रा चेपत नाही. दुसरा फुग्यावर सुतळी गुंडाळून. तो फसला. खळ ओली असतानाच मी फुगा फोडला आणि सगळा गोळा रुसलेल्या तोंडासारखा आत गेला. तिसरा मात्र जमला. हँगरच्या तारेची दोन कडी केली आणि त्यांच्याभोवती खाकी कागद लावला. कागद घरातलाच, आईच्या कपाटावर गुंडाळ्या पडून होत्या. आईला विचारून घेतला. पेटवल्यावर खाकी रंगाचा मधासारखा उजेड पडतो.

आता माझी नेहमीची रड. कागद तापेल का? मी साधा बल्ब काढून एलईडी लावला आहे, तरी सारखी जाऊन हात लावून बघते. शिवाय कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने तो दिवा खिडकीतून पाहिला. त्याने बाजूचा गाळा घेऊन टेबलं मांडली आहेत, त्याला तसेच दिवे हवे आहेत. पण ही कला तुझी. तुला न विचारता विकणं मला बरोबर वाटत नाही. तू हो म्हणालीस तरच करीन.

तुझी मुंगी


११ फेब्रुवारी

मुंगे,

दिवे विक. खळ लावायची परवानगी मागणारी तू जगातली पहिलीच असशील. तारेची कडी मी शोधून काढलेली नाहीत, आणि फुगा तर मुळीच नाही.

एलईडी तापतो तो बुडाशी, उजेडाकडून नाही. कागद त्या बुडापासून चार बोटं लांब ठेव, वरचं तोंड उघडं ठेव, की झालं. मग रात्रभर हात लावत बसू नकोस. खळीत चिमूटभर तुरटी घाल, नाहीतर झुरळं तुझे दिवे जेवतील. सुतळीचा गोळा पंख्याखाली दोन दिवस वाळव आणि फुगा फोडू नकोस, गाठीशी टाचणीएवढं भोक पाडून हवा हळूहळू जाऊ दे. घाई केलीस म्हणून रुसला तो.

'आई गोड झाली' हे वाचून मला बरं वाटलं नाही. ताई आणि गोड? लहानपणी मी तिची रिबीन न विचारता घेतली, तर तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ती खरंच कशी आहे ते लिही. मान हलवते ते मी पाहिलं आहे. बाकी काय करते? कुठे बघत बसते?

आणि खाकी कागद कुठला म्हणालीस?

मावशी


२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. बेकरीचे दिवे चालले होते. काल सगळे टांगून झाले. बेकरीवाला शिडीखाली उभा राहून सूचना देत होता. "दिवेवाली, जरा डावीकडे. अजून. अगं, तुझ्या डावीकडे, माझ्या नाही." मग पेटवल्यावर म्हणाला, "माझा पाव यात जास्त भाजलेला दिसतोय. चांगलंय."

या दिव्यांची एक गंमत तुला सांगायची राहिली होती. ते आईचे जुने कागद आहेत ना, कपड्यांचे आकार काढलेले, त्यांवर तिच्या दातेरी चाकाच्या खुणा आहेत. एका कागदावरून दुसऱ्यावर आकार उतरवताना ती ते चाक रेषेवरून फिरवायची, आठवतं? मी टेबलाखाली बसायचे आणि वरून करकर आवाज यायचा. माझी पहिली शाळा तीच. आकडे मी तिच्या टेपवर शिकले आणि अक्षरं तू खडूने कापडावर काढून दिलीस. तर त्या चाकाची बारीक बारीक भोकं कागदात राहिली आहेत. दिवसा दिसत नाहीत. दिवा लावला की गळ्याची गोलाई, मुंढ्याचं वळण, सगळं ठिपक्याठिपक्यांनी उजळतं. बेकरीत एक मुलगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "हे नकाशे आहेत." मला इतकं बरं वाटलं. वाटलं, आईचं काम आता लोक बघतील.

पण आई. तू विचारलंस म्हणून लिहिते. तिच्या उशाशी मी सर्वांत सुंदर दिवा लावला, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपते. व्यायामाच्या बाई आल्या तर डोळे मिटून घेते. मला वाटलं उजेड जास्त होतोय. मी कमी ताकदीचा बल्ब लावला, मग त्याहून कमी. मग दिवा पायाशी नेला. काल तिने डाव्या हाताने त्याची वायर ओढली. मी म्हटलं, "आई, बंद करू?" तर मान हलवली. "चालू ठेवू?" तरी मान हलवली.

कागद मी तिला विचारूनच घेतले, मावशी. गुंडाळी तिच्यासमोर धरली आणि विचारलं, "आई, हे कापू? आता लागणार नाहीत ना?" तिने मान हलवली. मी दोनदा विचारलं. तू मला ओळखतेस.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं का?

तुझी मुंगी


३ मार्च

मुंगी,

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊ नकोस.

मी तुमच्याकडून निघाले त्या दिवशी ताईला विचारलं, "मी जाऊ ना?" तिने मान हलवली. मी पिशवी उचलली, तर माझं मनगट असं धरलं की वळ उठला. "नको जाऊ?" म्हटलं, तर पुन्हा तशीच मान. तेव्हाच मला कळलं की त्या मान हलवण्यात काही नाही. लोक विचारायचे थांबावेत म्हणून ती मान हलवते. तिला गोड समजून तुम्ही बापलेक खूश आहात.

दुसरी गोष्ट मी तुझ्यापासून लपवली, आणि आता लपवून उपयोग नाही. तुम्ही दोघं कामावर गेलात की ताई शिवणटेबलाशी जायची. डाव्या हातात खडू धरून टेबलाच्या लाकडावर गळा काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. मी पाहिलं तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं आणि दाराकडे बघितलं. तुला सांगायचं नव्हतं. जमलं नाही तर कुणाला कळू नये, म्हणून. मी कबूल केलं.

आणि ते जुने कागद नव्हेत. ती बाई येते, जिचा एक खांदा खाली आहे. तो शिक्षक, ज्याची पाठ वाकली आहे. त्यांच्या त्यांच्या अंगावर घालून, टाचून, सोडून, पुन्हा कापून ताईने ते आकार बसवले आहेत. दुकान बंद झालं, मशीन विकलं, तरी ते कागद असते तर ती उद्या सुरू करू शकली असती. ते कागद म्हणजे तिचं दुकान होतं.

तू तिच्यासमोर विचारलंस 'आता लागणार नाहीत ना', आणि मग ते तिच्या उशाशी पेटवून ठेवलेस.

मी रागावून लिहिते आहे. उद्यापर्यंत ठेवलं तर मऊ होईल, म्हणून आजच टाकते.

मावशी


२१ मार्च

मावशी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बेकरीत गेले आणि म्हटलं, दिवे परत हवेत. बेकरीवाला म्हणाला, "का, महाग विकलेस असं वाटतंय?" मला रडू आलं तसा तो गडबडला. म्हणाला, "घेऊन जा बाई, घेऊन जा, पण गिऱ्हाईक बसलंय तोवर अंधार करू नकोस." मी काहीच न घेता परत आले.

घरी आईचा दिवा उतरवला. वाटलं, निदान हा एक सोडवावा. खळ वाळून दगड झाली होती. तुरटी घातलेली. ओल्या फडक्याने भिजवत भिजवत कागद सोडवायला गेले तर तो माझ्या बोटांत लगदा होऊन आला. ती बाही होती, मावशी. बाहीचा वरचा गोल अर्धा गेला. आणि आई पलंगावर उठून बसली होती. ती सगळं बघत होती.

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "आई, मी चुकले." तिने मान हलवली. मी म्हटलं, "तू मला माफ केलंस का?" तिने मान हलवली. मग मला कळलं की मी पुन्हा तेच करते आहे.

बाबा कामावरून आले. माझ्या हातातला लगदा, तारेची कडी, आई, सगळं बघून त्यांनी विचारलं, "घरात काही जळलं का?" मी तुझं पत्र त्यांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग आईशेजारी बसून म्हणाले, "मी म्हणत होतो गोड झालीस. तू मला मनात किती शिव्या घातल्या असशील." आईच्या तोंडातून एक आवाज आला. हसू होतं की काय, मला सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून आम्ही दोघं तिला 'हो की नाही' असं काही विचारत नाही. दोन कप समोर ठेवतो, चहाचा आणि दुधाचा. ती एकाला हात लावते. बहुतेक वेळा बाबा जो पुढे सरकवतात त्याच्या उलट.

दिवे मी सगळे काढून टाकणार होते. घरात अजून दोन होते, एक बाहेरच्या खोलीत, एक जिन्याशी. बाहेरच्या खोलीतला उतरवायला खुर्चीवर चढले, तर आई भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि बटणावर हात मारला. दिवा लागला. ती बघत राहिली. कुणाची तरी पाठ होती ती, मान थोडी पुढे आलेली. त्या ठिपक्यांवरून तिने बोट फिरवलं, खांद्यापासून कमरेपर्यंत. मग बोट जिथे मी कागद तारेच्या मापाने कापला होता तिथे येऊन थांबलं, आणि पुढे हवेतच गेलं. जिथे कागद नव्हता तिथेही तिला रेष दिसत होती.

मग ती शिवणटेबलाकडे वळली आणि खणातून पातळ ट्रेसिंग कागदाचा तुकडा काढून माझ्या छातीवर दाबला. जोरात. ढकलल्यासारखा.

मी कागद दिव्यावर धरला आणि पेन्सिलने ठिपके गिरवायला लागले.

ती अजून माझ्याकडे नीट बघत नाही.

मुंगी


२७ मार्च

मुंगी,

कागद गोल दिव्यावर गुंडाळून गिरवू नकोस, सरकेल. अरुंद पट्ट्या काप, एकेक पट्टी चिकटपट्टीने लाव, तिच्यावर वरची बाजू कुठली ते लिही, मग टेबलावर जोड. जिथे तू कड कापलीस तिथे काही लिहू नकोस, जागा रिकामी सोड. ती भरायची तिची आहे.

बेकरीतले उतरवू नकोस. उतरवताना फाटतील. तिथे जाऊन गिरव. आणि ताईला घेऊन जा. कुठला कोणाचा आहे ते तुला कसं कळणार?

एक सांगते, राग मानू नकोस. तिच्याकडे माफी मागत राहू नकोस. तिला आधीच पाय, हात, जीभ एवढ्यांना शिकवायचं आहे, त्यात तुझी समजूत काढण्याचं काम वाढवू नकोस. माफ करेल तेव्हा करेल. ती रिबीन मला अजून माफ झालेली नाही, आणि आमचं बरं चाललं आहे.

दिलेला शब्द मी मोडला, ते तिला कळलं असेल. काही म्हणाली का? म्हणजे, तशी काही दिसली का? तू लिहीपर्यंत मी पण तुझ्यासारखीच दिव्याला हात लावत बसणार आहे.

मावशी


२ मे

प्रिय मावशी,

पत्राबरोबर एक पुडकं आहे. ते आधी उघडू नकोस, आधी हे वाच.

आईला बेकरीत नेलं. आजारानंतर पहिल्यांदाच ती बाहेर पडली. बाबांनी गाडी बेकरीच्या अगदी दाराशी लावली, तर तिने खुणेने थोडी पुढे घ्यायला लावली. चालत आत शिरायचं होतं. बेकरीवाल्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "या ताई, तुमचे नकाशे बघायला या." मी त्याला आधी सगळं सांगून ठेवलं होतं. आईने खुर्ची नाकारली आणि वर बघत एकेका दिव्याखाली उभी राहिली. मी शिडीवर, हातात पट्ट्या आणि तोंडात पेन्सिल. खाली लोक चहा पीत होते. एक आजोबा म्हणाले, "तो तिसरा माझा दिसतोय. पाठ माझ्यासारखीच आहे." आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे, आणि डाव्या हाताने त्यांच्या पाठीमागे हवेत एक रेष ओढली, दिव्यातल्यापेक्षा बरीच सरळ. आजोबा इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला बिस्किटं पाठवली.

सगळं नाही मिळालं, मावशी. हे तुला खोटं सांगणार नाही. एका कागदाचा गळा मी साफ कापून टाकला होता आणि ते तुकडे कचऱ्यात गेले. एक दिवा भट्टीच्या बाजूला होता, तो वाफेने सैल पडून ठिपके सरकले आहेत. वाकड्या खांद्याच्या बाईंचा फक्त डावा भाग हाती आला. त्या बाई येतील तेव्हा आई काय करणार, माहीत नाही. त्या येतील का, तेही माहीत नाही.

आणि बाही, जिचा मी लगदा केला, ती तुझी होती. तुझ्या जाकिटाची. आईने तुझ्या फोटोवर बोट ठेवलं तेव्हा कळलं.

ती तिने नवी काढली. डाव्या हाताने. मी कागद धरून ठेवला होता. वरचा गोल काढायला तिला एक दुपार लागली. रेष मध्येच उचकी लागल्यासारखी उडाली आहे. झाल्यावर मी रबर घेतला आणि म्हटलं, "हे एवढं मी नीट करू?"

जीभ चावली. विचारायचं नाही असं ठरलं होतं ना.

आईने माझ्याकडे बघितलं. नीट, डोळ्यात. आणि मान हलवली. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

मी रबर ठेवून दिला. दातेरी चाक घेतलं आणि तिच्या रेषेवरून जशी होती तशी फिरवलं, त्या उचकीवरून सुद्धा. ती ऐकत होती. करकर.

शिवलं मी, शेजारून मागून आणलेल्या मशीनवर, कापड तिने डाव्या हाताने सरकवलं. चुकलं की ती मशीनचं चाक धरून ठेवायची. पुष्कळदा धरलं. तुझ्याबद्दल विचारलं होतंस. पुडकं बांधताना तिने तुझा पत्ता स्वतः बघून घेतला, मग सुतळीची गाठ माझी सोडून बाबांकडून पुन्हा मारून घेतली. एवढंच दिसलं. राग होता की काय, तूच ठरव.

जाकीट घालून बघ.

मुंगी


१२ मे

मुंगी,

हे पत्र ताईला वाचून दाखवायचं आहे.

ताई, जाकीट मिळालं. खांदे बरोबर बसले. पाठ छान. उजवी बाही चांगली आहे. डावी काखेत ओढते, हात वर केला की अख्खं जाकीट वर येतं, फळीवरचा डबा काढता येत नाही. मुंढ्याचा गोल मागच्या बाजूला कमी पडला आहे. जिथे ओढतं तिथे टाचण्या लावून जाकीट परत पाठवते आहे. सावकाश कर, पण नीट करून दे. तुझ्याकडून असलं काम मी यापूर्वी कधी घेतलेलं नाही आणि आता घेणार नाही.

मुंगे, वाचताना मध्ये काही गाळू नकोस.

मावशी